मा की दा? आयरिशमधलं जर-तर, मराठी कानांसाठी

आयरिश शिकायला लागून जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा एका आजोबांशी बोलताना मी चुकीचा 'जर' वापरला आणि त्यांची एक रात्र खराब केली.

मी आयर्लंडमधल्या गॉलवेत नर्स आहे. आमच्या वॉर्डात कॉनेमारा या आयरिश बोलणाऱ्या भागाकडची म्हातारी माणसं पुष्कळ येतात. दिवसा ती डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात, पण रात्री ताप चढला किंवा झोप लागेनाशी झाली की त्यांच्या तोंडी आयरिश येते. म्हणून मी मंगळवार संध्याकाळच्या एका वर्गात नाव घातलं. आता आपल्याला येतं अशा जोमात असताना, घरी जायला आसुसलेल्या त्या आजोबांना मी म्हणाले, "दा मेफा नीस फार अमारख, राखफा अवाल्ये."

मला म्हणायचं होतं, 'उद्या बरं वाटलं तर घरी जाल.' प्रत्यक्षात म्हणाले ते असं: 'उद्या बरं वाटलं असतं ना, तर घरी गेला असतात.' आजोबांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. सकाळी त्यांच्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, रिपोर्टमध्ये काही वाईट आलंय का?

म्हणायला हवं होतं ते हे: "मा व्हीन तू नीस फार अमारख, राखा तू अवाल्ये." शब्द बहुतेक तेच आहेत. फरक दा आणि मा यांचा, आणि त्यांच्यामागे क्रियापदाने बदललेल्या रूपाचा.

(आयरिश शब्द मी गॉलवेकडे कानावर पडतात तसे देवनागरीत लिहिलेत. स्पेलिंग आणि उच्चार यांचं तिथे फारसं सख्य नाही, आणि अल्स्टर, कॉनख्ट, मन्स्टर या तीन बोलींत उच्चार बदलतात. खरा उच्चार ऐकायचा असेल तर 'त्यांगलन' या शब्दकोशाच्या साइटवर तिन्ही बोलींतली रेकॉर्डिंगं आहेत.)

शिकवण्याची जी पद्धत मी पाहिली, तिच्यात आधी प्रत्ययांचा तक्ता पाठ करवतात आणि मग वाक्यं करायला सांगतात. माझ्या मते हे उलटं आहे. आधी एकच गोष्ट ठरवायची: ही अट पुरी होऊ शकते, असं मी धरून चाललेय का? होऊ शकते, किंवा निदान तिचं दार उघडं आहे, तर मा. होणार नाही, झाली नाही, किंवा नुसती कल्पनाच आहे, तर दा. तोंडातून पहिला शब्द निघण्याआधी हा निर्णय झालेला पाहिजे, कारण आयरिशमध्ये वाक्याच्या पहिल्याच अक्षराला तुमचं मत उघडं पडतं.

मराठीत आपण हा निर्णय रोज घेतो, फक्त जरा उशिरा. 'जर' दोन्हीकडे एकच, नाहीतर मुळात गाळलेलाच. 'पाऊस आला तर' आणि 'पाऊस आला असता तर' यांतला सगळा फरक त्या 'असता'मध्ये आहे. हा 'असता' ज्याच्या जिभेवर आहे, त्याला मा आणि दा यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. अडचण होते ती इंग्रजीतून वळसा घालून गेल्यामुळे. इंग्रजीत 'इफ'च्या बाजूला एक रूप, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि भूतकाळासाठी तिसरंच लांबलचक प्रकरण. मीही तोच वळसा घेत होते. एका मंगळवारी वहीत इंग्रजी अर्थ लिहायचा सोडला, मराठी लिहिला आणि निम्मं काम झालं.

आधी मा घेऊ, कारण तो सोपा आहे.

मा नंतर क्रियापदाच्या पहिल्या व्यंजनाचा उच्चार मऊ होतो. याला शेव्हू म्हणतात. लिहिताना त्या अक्षरानंतर एच घालतात. जुन्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचे. गॉलवेत जुन्या पाट्या बघत हिंडताना ते टिंब दिसलं की मला अजून अनुस्वारच वाटतो.

मा नंतर भविष्यकाळ येत नाही. उद्याची गोष्ट असली तरी वर्तमानकाळाचं रूप. शाळेत हा नियम मुलांना काठी उगारून शिकवावा लागतो म्हणे. पण आपण तरी 'पाऊस येईल तर मी घरी राहीन' असं कुठे म्हणतो? 'पाऊस आला तर' म्हणतो, उद्याच्या पावसाला चक्क भूतकाळी रूप देऊन. त्या मानाने आयरिश शहाणी म्हणायची. "मा व्हीन बाश्त्यख आन अमारख, फनह मे स वाल्ये": उद्या पाऊस असला तर मी घरी राहीन. भविष्यकाळ फक्त 'तर'च्या बाजूला.

'असणे' या क्रियापदाची दोन वर्तमानकाळी रूपं आहेत आणि मा नंतर ती वेगवेगळी वागतात. या क्षणाची गोष्ट असेल तर ता: "मा ता पीअन ओर्त", आत्ता दुखत असेल तर. नेहमीची किंवा पुढची असेल तर व्हीन: "मा व्हीन पीअन ओर्त, ब्रू अन क्रॅप्ये", दुखलं तर बटण दाबा. हे दुसरं वाक्य मी रोज रात्री दहा-बारा वेळा म्हणते. (आयरिशमध्ये दुखणं, भूक, तहान सगळी माणसावर येऊन बसते. ओर्त म्हणजे 'तुझ्यावर'.) ता ला शेव्हू होत नाही, 'म्हणतो'च्या द्येर लाही होत नाही. एवढे अपवाद पहिल्या वर्षाला पुरतात.

जाता जाता: चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसालाही इथे तू. शिव हे रूप आहे, पण ते अनेकवचन, आदरार्थी नव्हे. पहिले काही आठवडे माझी जीभ रेटत नव्हती. त्या आजोबांना एकदा चुकून शिव म्हणाले, तर त्यांनी मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

आता दा. त्याच्यामागे क्रियापदाचं जे रूप येतं त्याला मो किनीलख म्हणतात, म्हणजे संकेतार्थ. हे दोन शब्द इथल्या माणसांसमोर उच्चारून बघा. शाळेत तेरा-चौदा वर्षं आयरिश शिकलेली, आज स्वतःची नातवंडं असलेली माणसं कपाळाला हात लावतात. लिव्हिंग सर्ट या शेवटच्या शालेय परीक्षेत आयरिशच्या तोंडी परीक्षेला एकूण गुणांपैकी 40 टक्के गुण आहेत, आणि तिथला ठरलेला प्रश्न म्हणजे "केर्द अ येनफा दा मूअफा अन लॉटो?" लॉटरी लागली असती तर तू काय केलं असतंस? आमच्या वर्गात साठीचे एक गृहस्थ आहेत. हा प्रश्न फळ्यावर आला त्या दिवशी ते म्हणाले, चाळीस वर्षांनी परत पोटात गोळा आला.

मला मात्र त्या दिवशी हसू आलं, कारण फळ्यावर जे दिसलं ते मी आधी कुठेतरी पाहिलेलं होतं. ते सांगते.

दा नंतर क्रियापदाच्या पहिल्या अक्षराला उरू होतो. उरू म्हणजे ग्रहण: नवीन अक्षर जुन्याच्या आधी येऊन बसतं आणि त्याला झाकून टाकतं. लिहिताना दोन्ही लिहायची, वाचताना नवंच वाचायचं. बी च्या आधी एम लिहिला की वाचायचा म. आमच्या बाईंनी सगळ्या जोड्यांचा तक्ता दिला आणि वर्ग तो घोकायला लागला. मी तो देवनागरीत उतरवून घेतला आणि बघतच बसले. मूळ अक्षर, मग शेव्हू, मग उरू:

क, ख, ग
प, फ, ब
त, ह, द
ग, ग़, ङ
ब, व, म
द, ग़ (कधी य), न

मधला रकाना क्षणभर बाजूला ठेवा. पहिला आणि तिसरा बघा. क चा ग, त चा द, प चा ब: वर्गातलं पहिलं अक्षर तिसरं झालं. ग चा ङ, द चा न, ब चा म: तिसरं पाचवं झालं. आपली वर्णमाला! पहिलं असेल तर तिसरं, तिसरं असेल तर पाचवं. पहिलीत पाठ केलेल्या कखगघङ मधला ङ 'वाङ्मय' सोडून कुठे कामाला येईल असं वाटलं नव्हतं, तो इथे गॉलवेत आला. आणि हे बदल तरी आपल्याला नवे कुठे आहेत? वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, वाक् आणि मय मिळून वाङ्मय. संधीच आहे ही, फक्त दोन शब्दांच्या मधे, आणि दुसऱ्या शब्दाच्या तोंडाशी. दा च्या पूर्वजाच्या शेवटी एक अनुनासिक होता. तो कधीच झिजून गेला, पण जाताना पुढच्या शब्दावर खूण ठेवून गेला.

राहिलं ते किरकोळ. एफ चा उरू व होतो. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाच्या आधी न येऊन चिकटतो. ल, न, र, म, स यांना उरू लागत नाही.

मधल्या रकान्यातला ख हा 'खडू'तला नव्हे, उर्दू 'ख़त'मधला, घशात घासून येणारा. ग़ 'ग़ज़ल'मधला. उर्दू गझला ऐकणाऱ्या कानाला हे उच्चार माझ्या आयरिश वर्गमित्रांपेक्षा लवकर जमतात, असं मला वाटतं. आमच्या बाईंना ते मान्य नाही.

मग प्रत्यय. 'ठेवणे, घालणे' या अर्थाचं किर घेऊ:

मी: खिरहिन
तू: खिरफा
तो: खिरहेत शे
आम्ही: खिरहिमिश
तुम्ही सगळे: खिरहेत शिव
ते: खिरहिदीश

मी, तू, आम्ही, ते या चौघांचे पुरुष क्रियापदातच मुरलेले आहेत, वेगळं सर्वनाम लावायचं नाही. 'आले असते' म्हटलं की 'मी' वेगळा सांगावाच लागतो असं नाही, तसंच. कॉनख्टकडे 'आम्ही'साठी लोक सर्रास "खिरहेख मुइद" म्हणतात, तेही चालतं. पुस्तकात खिरहिमिश दिसेल, कारण 1958 साली सरकारने जी प्रमाण आयरिश छापली तिच्यात ते रूप आहे.

लिहिताना या सगळ्या रूपांत एफ असतो. उच्चारात मात्र त्याचा ह होतो, आणि भराभर बोलताना तो ह सुद्धा विरून जातो. अपवाद 'तू'चा: तिथे फा स्वच्छ फ ने म्हणायचा. वॉर्डात मला कोणाच्या बोलण्यात शेवटी 'फा' ऐकू आलं की मी कान टवकारते, कारण बहुधा मला काहीतरी करायला सांगितलं जातंय. "अन येनफा…" अशी सुरुवात झाली की समजावं, 'करशील का' असं मऊ आवाजात विचारलं जातंय. संकेतार्थाचा हाही एक उपयोग: अदब. दुकानात 'मला हवंय' म्हणण्याऐवजी "बा वाह ल्युम" म्हणतात, 'मला आवडलं असतं'.

आता ते फळ्यावरचं. या रूपाची चिरफाड केली तर तीन तुकडे निघतात. सुरुवातीचा शेव्हू (किर चा खिर) ही भूतकाळाची खूण. मधला एफ ही भविष्यकाळाची. शेवटचा इन हा 'मी करत असे' या रीतिभूतकाळाचा प्रत्यय: खिरिन म्हणजे 'मी ठेवत असे', त्यात भविष्याचा एफ खोचला की खिरहिन, 'मी ठेवलं असतं'. नववीत संस्कृतच्या बाईंनी लृङ् शिकवला होता. 'सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्', चांगला पाऊस पडला असता तर सुकाळ झाला असता. अभविष्यत् फोडा: आधी भूतकाळाचा अ, मधे भविष्यकाळाचं भविष्य, शेवटी भूतकाळाचा त्. तीच बांधणी! पाणिनीकडे याला क्रियातिपत्ती हे नाव आहे, जी क्रिया व्हायची ती हुकली. भूतकाळात उभं राहून पुढे पाहायचं, आणि जे दिसलं ते झालंच नाही असं सांगायचं. दोन्ही भाषांनी त्यासाठी तेच तुकडे त्याच क्रमाने लावावेत, हे मला अजून गमतीचं वाटतं. सुकाळासाठी इथे कमी पाऊस मागावा लागेल, एवढाच फरक.

तर आता वाक्य. दोन खोल्या आहेत, 'जर'ची आणि 'तर'ची. दोन्हीत हेच संकेतार्थी रूप. 'जर'च्या खोलीत दा आणि उरू, 'तर'च्या खोलीत शेव्हू. गिरहिन आणि खिरहिन एकाच रूपाचे दोन मुखवटे. 'तर'साठी आयरिशमध्ये शब्दच नाही, स्वल्पविरामावर भागवतात. सरावासाठी मी आपली म्हण घेतली, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. "दा मेख क्रिमेल एर मान्चीन, हूरहिन उंकल एर्ही." मेख मूळ ब चं, उरू होऊन म. हूरहिन मूळ त चं, शेव्हू होऊन ह. 'म्हणणे'ऐवजी इथे 'तिच्यावर काका हे नाव देणे' अशी रचना आहे. वर्गात हे वाक्य वाचलं तेव्हा लॉटरीवाल्या गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. 'असता' आपण दोन्ही खोल्यांत वापरतो, म्हणून आयरिशची दोन्हीकडची सारखी रूपं खटकत नाहीत. इंग्रजीतून विचार करणारा 'जर'च्या खोलीत साधा भूतकाळ टाकतो. मी तपासलेल्या माझ्या वर्गमित्रांच्या वह्यांत हीच चूक सगळ्यात जास्त होती.

दुसरा फायदा काळाचा. "दा मेख इस अगम, ह्युकिन" याचा अर्थ 'मला माहीत असतं तर मी आले असते.' कधीचं? कालचं की आत्ताचं? आयरिश सांगत नाही, आणि मराठीही सांगत नाही. 'माझ्याकडे पैसे असते तर घर घेतलं असतं' हे आजचं रडगाणं असू शकतं, दहा वर्षांपूर्वीचंही. संदर्भाने कळतं. व्याकरणाची इंग्रजी पुस्तकं या जागी अर्धं पान खर्च करतात. तुम्ही ते ओलांडून पुढे जा.

कधी कधी 'तर'ची खोली रिकामीच ठेवतात. रात्री तीनला एखादी आजी छताकडे पाहून म्हणते, "दा मेन स वाल्ये…" घरी असते तर. पुढे काही नाही. मी पहिल्यांदा वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत उभी राहिले होते.

अनियमित क्रियापदं आयरिशमध्ये फक्त अकरा आहेत, पण ती रोजच्या वापरातली असल्याने चुकवता येत नाहीत. सगळी एकदम घेऊ नका. पहिली चार ही: 'असणे'चं व्हेन (दा मेन), 'जाणे'चं राखिन (र ला उरू नाही, म्हणून दा राखिन), 'येणे'चं ह्युकिन (दा द्युकिन), 'करणे'चं येनहिन (दा न्येनहिन). 'मिळणे' मात्र आडदांड आहे: 'तर'च्या बाजूला योइन आणि 'जर'च्या बाजूला दा वीन, जणू दोन वेगळी क्रियापदं. त्याला दुसऱ्या महिन्यापर्यंत थांबवा.

स्वराने आणि एफ ने सुरू होणाऱ्या नियमित क्रियापदांत एक छोटी अडचण येते. स्वराला शेव्हू होणार कसा? म्हणून 'तर'च्या बाजूला आधी द चिकटवतात: ओल म्हणजे पिणे, दोलहिन म्हणजे 'मी प्यायले असते', आणि दा नोलहिन 'मी प्यायले असते तर'. एफ शेव्हूने गप्पच होतो, म्हणून त्यालाही द: फन, थांबणे, दनहिन, थांबले असते, दा वनहिन, थांबले असते तर. नकारात तो द गळतो: नी ओलहिन, नी अनहिन.

नकारी 'जर' एकच, मुरा, आणि तो मा व दा या दोघांचंही काम करतो. मग खरं आणि काल्पनिक कसं ओळखायचं? इथे मात्र मराठीसारखं, क्रियापदावरून. मुरा नंतर नेहमी उरू. "मुरा मीन तू नीस फार", बरं वाटलं नाही तर. "मुरा मेफा नीस फार", बरं वाटलं नसतं तर. त्या आजोबांच्या प्रसंगानंतर मी महिनाभर जमेल तिथे मुरा वापरला, कारण निदान पहिला शब्द चुकत नव्हता. हा पळपुटेपणा बाईंनी ओळखला.

'आहे' हे नुसतं जोडायचं काम करणारं दुसरं क्रियापद आयरिशमध्ये आहे, इस. त्याला मा मिळून मास होतं: "मास ला ब्रा ए", दिवस छान असेल तर. दा मिळून दा मा: "दा मा ला ब्रा ए", दिवस छान असता तर. मास इथे अजाणता कानावर पडतो, कारण 'कृपया' म्हणून जे म्हणतात, "माश ए द हिल ए", ते मुळात जर-तरचं अर्धं वाक्य आहे: तुमची तशी इच्छा असेल तर. कॉनेमाराकडे बोलताना त्याऐवजी "ले द हिल" जास्त ऐकू येतं.

दा दिसला की तो 'जर'च, असं समजू नका. 'त्याच्या' या अर्थाच्या शब्दाला 'कडे' किंवा 'पासून' चिकटूनही दा होतो. आणि "दा अड अन ला", दिवस कितीही मोठा असो, या म्हणीतला दा 'कितीही'चा. ओळखायची खूण सोपी: 'जर'च्या दा पाठोपाठ क्रियापद येतं, बाकीच्यांपाठोपाठ नाम. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली, तुम्ही घालवू नका. जुन्या माणसांच्या, विशेषतः मन्स्टरच्या बोलण्यात दा नंतर एफ नसलेली रूपंही ऐकू येतील. चूक नव्हे ती, जुनं वळण आहे. समजून घ्या, वापरायची घाई नको.

सरावाची माझी रीत अशी. दिवसात घडलेली एकच क्षुल्लक गोष्ट घ्यायची आणि शब्द न बदलता तिची तीन वाक्यं करायची. तिसऱ्यासाठी मुरख हा शब्द लागतो. मुरख म्हणजे 'नसता तर', आणि त्याच्यापाठोपाठ क्रियापद नव्हे, सरळ नाम. "मुरख हू", तू नसतास तर. माझं वाहन बस, म्हणून माझी वाक्यं बसची:

मा व्हीन अन बस माल, बे मे माल. बसला उशीर झाला तर मला उशीर होईल.
दा मेख अन बस माल, व्हेन माल. बसला उशीर झाला असता तर मला उशीर झाला असता.
मुरख अन बस, व्हेन स वाल्ये अनिश. बस नसती तर मी आत्ता घरी असते.

गेल्या आठवड्यात रात्रपाळी संपवून येताना बस रखडली, तेव्हा तिसरं वाक्य मी तोंडातल्या तोंडात म्हणाले. चिडून म्हणाले, या बसपायी अडकलेय अशा अर्थी. शेजारी पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना ते ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मुरख अन बस, व्हेन्शे अ शूल." बस नसती तर मी चालत असते. मुरख राग सांगतो की उपकार, हे त्या शब्दात कुठेच नाही, हे मला तेव्हा कळलं.